राहिलेला पाव फेरा

मित्रांनो, मी एक जुना स्टिअरिंग डँपर आहे. जुना म्हणालो खरा, पण माझे वय जेमतेम सव्वातीन वर्षांचे आहे, आणि त्यातले कामाचे दिवस मोजले तर दोन महिनेसुद्धा भरत नाहीत. तेवढ्या दिवसांत मी जे पाहिले त्याने मी असा काही हादरलो की अजून सावरलेलो नाही. धक्के पचवणे हाच ज्याचा धंदा, त्याने असे म्हणावे हे मलाच चमत्कारिक वाटते. पण खरे तेच सांगायचे असे मी ठरवले आहे.

माझे नाव ऐकून तुमच्यापैकी काहींच्या डोळ्यांसमोर वाळू वाहणारा ट्रक आला असेल. तो डंपर. त्याला सगळे शहर ओळखते आणि रस्त्यात वाटही देते. मी वीतभर लांबीची एक नळी आहे. माझ्या पोटात तेल भरलेले असते आणि त्या तेलातून एक चकचकीत दांडा मागेपुढे सरकतो. माझे एक टोक मोटरसायकलच्या सांगाड्याला बांधतात आणि दुसरे पुढच्या चाकाला धरणाऱ्या नळकांड्याला. हँडल सावकाश वळवले तर मी मुकाट्याने वाट देतो. हँडलला अचानक झटका बसला, तर मात्र माझे तेल हटून बसते आणि तो झटका तिथल्या तिथे जिरवते. त्यामुळे वेगात गाडी डगमगत नाही. एवढेच माझे काम.

माझा जन्म भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात झाला. नळी लेथवर कापली गेली, दांड्याला झिलई चढली आणि शेवटी मी मुक्ताई नावाच्या बाईंच्या टेबलावर आलो. मुक्ताई मूळच्या अकोल्याकडच्या. तेल भरणे, रबराचे सील बसवणे आणि प्रत्येक डँपर तपासून पाहणे हे त्यांचे काम होते. त्या आमच्यातल्या प्रत्येकाशी बोलायच्या. बाकीचे कामगार हसायचे, पण मुक्ताईंना त्याचे काही नव्हते. त्यांनी माझा दांडा अंगठ्याने आधी हळू दाबला, मग जोरात. आणि म्हणाल्या, "हळू लोटलं त जाऊ द्याचं, झटका देला त अडवाचं. बाकी काई कराचं नाई. समजलं का तुले?"

मला समजले होते. निदान तेव्हा तरी तसे वाटले.

तिथून मी नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात आलो आणि काचेच्या कपाटात हॉर्न आणि आरशांच्या मधोमध दोन वर्षे पडून राहिलो. हॉर्न रोज खपायचे. आरसे तर जोडीने जायचे. माझ्याकडे बोट दाखवून लोक विचारायचे, "हे काय आहे?"

"स्टिअरिंग डँपर. याने गाडी स्थिर राहते."

"अ‍ॅव्हरेज वाढतं का?"

"नाही."

"मग असू द्या."

दोन वर्षांत हा संवाद मी इतक्यांदा ऐकला की दुकानदाराच्या आधी मीच मनात "नाही" म्हणायचो. पुण्यात आपल्याला कुणी विचारणार नाही, असे मी धरूनच चाललो होतो. अशात एके दिवशी, नवरात्र सुरू असताना, आमोद आला. त्याने अ‍ॅव्हरेजचे विचारले नाही. आल्या आल्या म्हणाला, "स्टिअरिंग डँपर आहे का? व्हिडिओत पाहिलाय." मला तर भरूनच आले.

आमोद पंचेचाळिशीचा. राहायला नारायण पेठेत, नोकरीला वाघोलीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. त्याच कॉलेजात त्याची मुलगी अवनी त्या वर्षी पहिल्या वर्षाला लागली होती. रोज सकाळी बापलेक एकाच मोटरसायकलवरून येरवड्यावरून, खराडीवरून नगर रोडने वाघोलीला जायचे. गाडी बारा वर्षांची, दणकट, पण अलीकडे साठच्या पुढे गेली की तिचे हँडल थरथरायला लागायचे. मागे मुलगी बसलेली असते, तेव्हा आमोदला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून त्याने मला विकत घेतले. त्याचा हेतू किती चांगला होता हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे जे घडले त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, आणि माझ्या मनाला सर्वांत जास्त तेच लागते.

मला घेऊन आमोद दिगंबरकाकांच्या गॅरेजवर गेला. दिगंबरकाका साठी ओलांडलेले. नारायण पेठेतल्याच एका बोळात त्यांच्या वडिलांनी सुरू केलेले गॅरेज, वर दोन खोल्यांत राहते घर. आमोदच्या वडिलांची स्कूटरसुद्धा त्यांच्याच हातची. गॅरेजच्या भिंतीवर एक पाटी होती: "गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवू नये." येणारे प्रत्येक गिऱ्हाईक खर्रखर्र, टकटक, घूंघूं असे काहीतरी करून दाखवायचे, त्याला कंटाळून काकांनी ती लावली होती.

त्या दिवशी खंडेनवमी होती. गॅरेजात घाई होती, कारण दुपारी हत्यारांची पूजा व्हायची होती. काकांनी मला हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले.

"हे कशाला आणलंस?"

"काका, याने स्टॅबिलिटी वाढते. वेगात हँडल थरथरतं ना, ते थांबेल."

"का थरथरतं ते नको बघायला? दात दुखतोय म्हणून कुणी तोंड बांधून ठेवतं का?"

आमोद हसला. काका हसले नाहीत. त्यांनी हँडलची मान खोलली. मोटरसायकलच्या मानेत वर आणि खाली छऱ्यांच्या दोन कड्या असतात, त्यांवर हँडल फिरते. खालच्या कडीत खड्डे पडले होते आणि दोन छरे फुटलेले निघाले. काकांनी नव्या कड्या टाकल्या, ग्रीस भरले, वरचा मोठा नट ओढला आणि मग मला बसवले. व्हिडिओतल्या कुणापेक्षाही नीट बसवले, हे मी शपथेवर सांगेन.

पण इथे एक गोष्ट समजून घ्या. नव्या कड्या पहिल्या फेरीत थोड्या बसतात, म्हणजे दबतात. म्हणून दिगंबरकाकांची एक पद्धत होती. कड्या बदलल्या की नट तात्पुरता ओढायचा, स्वतः गाडीवर बसून ओंकारेश्वरापर्यंत जाऊन यायचे आणि परत आल्यावर नट पुन्हा एकदा ओढायचा. हा दुसरा ओढा त्यांनी चाळीस वर्षांत कधी चुकवला नव्हता. त्यासाठी टोकाला आकडा असलेला एक लांब पाना होता, त्यांच्या वडिलांच्या वेळचा.

काका फेरी मारून आले. पुढचा ब्रेक दाबून त्यांनी गाडी मागेपुढे हलवली. मानेतून बारीक आवाज आला. टक्.

"पाव फेरा ओढायला हवा," ते म्हणाले आणि पाना घ्यायला वळले.

पाना खिळ्यावर नव्हता. कोपऱ्यात वासंतीबाईंनी, म्हणजे काकांच्या पत्नींनी, पाटावर लाल कापड अंथरले होते. पकडी, हातोड्या, पाने सगळे ओळीने मांडून झाले होते. मार्केट यार्डातून पहाटे आणलेला झेंडू वाहिला होता आणि प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लागले होते. आकड्याचा पाना शेवटचा होता. त्याचे कुंकू अजून ओलेच होते.

काकांचा हात पुढे झाला आणि वासंतीबाई म्हणाल्या, "अहो, आता नाही हं. कुंकू लागलंय."

"पाव फेराच आहे."

"मामंजींच्या वेळेपासून एकदा कुंकू लागलं की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत पान्याला हात लावलेला नाही आपण. आज लावायचा आहे का? लावा. तुमची मर्जी."

आता हे "तुमची मर्जी" कसे म्हटले जाते, ते पुण्यातल्या मुलांना मी समजावून सांगायला नको. काकांनी हात मागे घेतला.

"आमोद, गाडी इथेच राहू दे. परवा ने."

"अहो काका, उद्या घरी गाडीची पूजा करायची आहे. सुरुचीने हार सांगून ठेवलाय." सुरुची म्हणजे आमोदची बायको. "आणि आता डँपर आहे की! हे बघा." असे म्हणून आमोदने हँडल धरून डावीउजवीकडे जोरजोरात हिसडले.

मित्रांनो, आता माझी चूक सांगतो. मला त्या क्षणी गप्प बसता आले असते. लोखंडाने कसे गप्प बसायचे असे तुम्ही विचाराल, पण नव्या तेलाला थोडा उतावळेपणा असतो. दोन वर्षे कपाटात काढल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी माझी परीक्षा घेत होते. मी जीव खाऊन हँडल धरून ठेवले. ते तसूभरही डगमगले नाही. मला वाटले, आता शाबासकी मिळणार.

मिळालीच. "बघा! हलतंय का?" आमोद म्हणाला.

दिगंबरकाकांनीही हँडल हिसडून पाहिले. त्यांना माहीत होते की आवाज हँडलमध्ये नाही, मानेत आहे. पण हाताला काही हलले नाही आणि मनाला तेवढे कारण पुरले. "दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ये," ते म्हणाले. "पाव फेरा राहिलाय. विसरू नको."

"येतो म्हणजे काय, येतोच," आमोद म्हणाला.

दसऱ्याला सुरुचीने गाडी ओवाळली, झेंडूचा हार घातला आणि मलाही कुंकवाचे बोट लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमोद गाडीवर बसला, हँडल हलवून पाहिले, समाधानाने मान हलवली आणि सरळ वाघोलीला गेला. मी थक्क झालो. ज्या बोळात वळायचे तो बोळ डोळ्यांसमोरून मागे गेला. मला वाटले, संध्याकाळी जाईल. संध्याकाळी भाजी आणायची होती. मग वाटले, रविवारी जाईल. रविवारी पाहुणे आले. आणि मग मला वाटेनासेच झाले.

कॉलेजात माझे कौतुक सुरू झाले. इंद्रजीत सर म्हणून आमोदचे एक सहकारी होते, ते म्हणाले, "काय आमोद, रेसिंगला उतरणार का या वयात?" मुले वाकून वाकून माझे फोटो काढायची. "काका, सॉलिड आहे! किती वेळ लागला फिटिंगला?" आमोद पार्किंगमध्ये उभा राहून माझ्यावर व्याख्यान द्यायचा. "अरे, सत्तरला सोडा गाडी. दोन बोटांनी चालते. लोण्यासारखी."

एक आठवडा मी फुगलो. मग मला कळले की ही मुले माझे कौतुक करताहेत ते मी रोग लपवतो म्हणून. हँडल थरथरले असते, तर आमोद दुसऱ्याच दिवशी दिगंबरकाकांकडे धावला असता. ते थरथरत नव्हते, कारण ती सगळी थरथर मी गिळत होतो. वर हँडल शांत, आणि खाली मानेत नट रोज थोडाथोडा सैल होत होता. प्रत्येक खड्ड्याला टक्. प्रत्येक गतिरोधकाला टक्. पुणे ते वाघोली या वाटेवर खड्डे किती, ते मी मोजायचे सोडून दिले. मुक्ताईंनी मला झटका अडवायला सांगितले होते. हे तर दिवसभर चालणारे दुखणे होते आणि मी ते झाकून बसलो होतो. माझा मलाच धक्का बसला.

त्यापेक्षा मोठा धक्का मला त्या बोळाच्या तोंडाशी रोज बसायचा. दिगंबरकाका विसरले नव्हते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते, "आमोद, पाव फेरा." आमोदची गाडी दिसली की ते उठून दारात यायचे आणि हात वर करायचे. "ये इकडे," असा त्या हाताचा अर्थ होता. आमोदला वाटायचे, काका नमस्कार करताहेत. तो आनंदाने हॉर्न वाजवायचा आणि निघून जायचा. रोज! एक माणूस बोलावतो आहे, दुसरा त्याला हॉर्न वाजवून नमस्कार करतो आहे, आणि दोघेही आपापल्या जागी समाधानी.

काकांना फोन नव्हता असे नाही. वासंतीबाई एकदा म्हणाल्याही, "एक फोन करून टाका ना त्याला."

"मी सांगितलंय एकदा. परत परत सांगायला मी काय गजराचं घड्याळ आहे? गरज त्याला आहे. येईल."

हे मला पुढे गॅरेजात पडलेला असताना वासंतीबाईंच्याच तोंडून कळले, आणि तेव्हाही मी असाच दचकलो.

दिवाळी झाली. माझ्या रबराच्या सीलला बारीक चीर गेली आणि दांड्यावर तेलाचा ओघळ दिसू लागला. मला हायसे वाटले. म्हटले, आता तरी हा थांबेल. आमोदने खिशातून फडके काढले, तेल पुसले आणि म्हणाला, "जास्तीचं भरलं असेल. निघून जाईल." मी काय बोलणार?

एकटी अवनी मात्र ऐकत होती. ती मागे बसायची, त्यामुळे तिच्या कानापर्यंत आवाज यायला नको होता. पण ज्याचे लक्ष असते त्याला ऐकू येते. येरवड्याच्या सिग्नलला आमोदने ब्रेक दाबला आणि ती म्हणाली, "बाबा, फ्रंट ब्रेक मारला की खाली काहीतरी टक् होतंय."

"पहिल्या सेमिस्टरमध्येच इंजिनीअर झालीस का?"

"सीरियसली बाबा. रोज होतंय. आधी नव्हतं एवढं. दिगंबरकाकांना दाखवू या ना."

"काय दाखवणार? तोंडाने आवाज काढून? पाटी वाचली आहेस ना त्यांची?"

अवनी हसली. विनोद चांगलाच होता. पण तिने विचारलेला प्रश्न त्या हसण्यात विरून गेला आणि सिग्नल सुटला. पुढे चार दिवस तिने पुन्हा विचारले. पाचव्या दिवशी तिनेही सोडून दिले.

ती सकाळ मला नको नको म्हटले तरी आठवते. नोव्हेंबर संपत आला होता. खराडी मागे पडली होती आणि रस्ता मोकळा मिळाला म्हणून आमोदने वेग वाढवला. सत्तर. अवनी मागून पहिल्या तासाच्या जर्नलबद्दल काहीतरी सांगत होती. पुढे रस्ता आडवा खणून चर बुजवला होता आणि वर नुसती खडी पसरली होती. आमोदला ती उशिरा दिसली. पुढचे चाक खडीत आपटले, मानेतला सैल नट खडखडला आणि हँडलला असा झटका बसला की तसा मी कधी पाहिला नव्हता. मी अडवला. दुसरा आला. तोही अडवला. तिसऱ्याला माझे सील फाटले आणि पोटातले सगळे तेल एका दमात बाहेर पडले. दांडा रिकाम्या नळीत सटासट मागेपुढे होऊ लागला. अडवायला माझ्याजवळ काही उरलेच नाही.

हँडल डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे आपटले. आमोद ओरडला, "अवनी, घट्ट धर!" आणि गाडी आडवी झाली.

मागून येणारा टेंपो हातभर अंतरावर थांबला. त्या ड्रायव्हरचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आमोदचे गुडघे सोलवटले होते. अवनी रस्त्याच्या कडेला बसली होती, हेल्मेटला मोठा ओरखडा, चेहरा पांढराफटक. तिचा डावा खांदा खाली लोंबत होता. ती रडत नव्हती. "बाबा, हात उचलत नाहीये," एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू दुसऱ्या कुणाची तक्रार सांगावी तसे. गळ्याजवळचे हाड मोडले होते.

गर्दी जमली. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवले. "हे बघा, हे काहीतरी फुटलंय. कशाला लावतात असली फॅडं!" माझ्या तेलाचा डाग रस्त्यावर पसरला होता, त्यामुळे पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. दवाखान्यात सुरुची धावत आली, तेव्हा आमोद तिला रडवेल्या आवाजात म्हणाला, "त्या डँपरनेच घात केला गं." दोन महिने ज्याने माझी आरती ओवाळली, त्याच्या तोंडचे हे शब्द इंद्रजीत सरांनी गॅरेजात काकांना सांगितले तेव्हा मला कळले. इंद्रजीत सरच टेंपोतून गाडी घेऊन दिगंबरकाकांकडे आले होते.

सर गेल्यावर काकांनी गाडी उभी केली आणि मानेवरच्या मोठ्या नटाला हात लावला. पाना घेतलाच नाही. दोन बोटांनी नट फिरवला. तो फिरला.

ते तिथेच स्टुलावर बसले. वासंतीबाई चहा घेऊन खाली आल्या. त्यांनी नट पाहिला, काकांकडे पाहिले आणि कप ठेवला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मीच नको म्हटलं होतं."

"हात माझा होता," काका म्हणाले. "चहा गार होतोय, ने वर."

आता सगळे काही माझ्यावर ढकलून मोकळे होणे त्यांना किती सोपे होते, विचार करा. गर्दीने निकाल दिला होता. आमोदनेही दिला होता. काकांनी नुसता नट ओढला असता, तर जगात कुणालाच काही कळले नसते. आणि मित्रांनो, पहिले तीन दिवस त्यांनी कुणाला काही सांगितले नाही. मला त्यांनी गाडीवरून उतरवले आणि भंगाराच्या डब्यात टाकले. चाळीस वर्षांत ज्या माणसाने नट कधी सैल सोडला नाही, तो माणूसही गप्प बसू शकतो, हे पाहून मी डब्यात पडल्या पडल्या सुन्न झालो. रागवावे की कीव करावी, मला कळेना.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अवनी आली. हात झोळीत बांधलेला, सोबत आमोद. आमोद गाडीकडे पाहतसुद्धा नव्हता. तो म्हणाला, "काका, तो डँपर फेकून द्या. पुन्हा लावायचा नाही."

अवनीने भंगाराच्या डब्यात डोकावून उजव्या हाताने मला उचलले. माझा दांडा तिने हळू ढकलला, मग जोरात. दोन्ही वेळा तो सारखाच सरकला. मला लाज वाटली.

"काका, एक विचारू?" ती म्हणाली. "हा फुटला म्हणून हँडल हललं, की मुळात आत काहीतरी हलत होतं म्हणून हा फुटला?"

वासंतीबाई जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या. आमोद म्हणाला, "अगं, तुला काय..."

"थांब आमोद," दिगंबरकाका म्हणाले. त्यांनी हातातले फडके खाली ठेवले. "आत हलत होतं. नट सैल होता. पाव फेरा राहिला होता माझा. खंडेनवमीला पान्याला कुंकू लागलं होतं, म्हणून मी ओढला नाही आणि गाडी जाऊ दिली. या डँपरची काही चूक नाही. हा होता म्हणून दोन महिने निभावलं."

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे आमोदचे लक्ष गेले. पान ऑक्टोबरचेच होते, पुढे उलटलेलेच नव्हते. त्यावर पेन्सिलीने त्याचे नाव होते.

"तुम्ही हात करायचात," तो म्हणाला. "रोज हात करायचात काका. आणि मी हॉर्न वाजवत जायचो." तो अवनीकडे वळला. "आणि तू सांगत होतीस. टक् होतंय म्हणून."

"टक्," अवनी पाटीखाली उभी राहून म्हणाली. "असं. अगदी असंच व्हायचं."

काकांनी वर पाहिले, पाटी भिंतीवरून काढली आणि उलटी करून टेबलाखाली सरकवली. मग त्यांनी अवनीच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, पण हाताला ग्रीस होते, म्हणून तसाच खाली घेतला. "बेटा, चुकलो मी," ते म्हणाले. साठी ओलांडलेल्या पुणेकराच्या तोंडून हे दोन शब्द निघताना मी तरी त्याआधी ऐकलेले नव्हते.

आमोदची गाडी काकांनी त्याच संध्याकाळी नीट केली, आणि या वेळी नट दोनदा ओढला. तिला डँपर लावायची गरज उरली नाही. मला भंगारात परत टाकायला मात्र अवनी तयार नव्हती. "हा इथेच ठेवा," ती म्हणाली. तेव्हापासून मी आकड्याच्या पान्याशेजारच्या खिळ्यावर टांगलेला आहे. तेल नाही, सील नाही. येणारे जाणारे विचारतात, "हे काय आहे?" आणि काका प्रत्येकाला हीच हकिगत सांगतात, स्वतःची चूक न गाळता.

यंदा पुन्हा खंडेनवमी आली. वासंतीबाईंनी लाल कापड अंथरले, झेंडू वाहिला, सगळ्या हत्यारांना कुंकू लावले. या वेळी त्यांनी मलाही पाटावर मांडले. कुंकू लावून झाले आणि दारात एक मोटरसायकल येऊन उभी राहिली. चालवणारा उत्तरेश्वर नावाचा तरुण होता, घरोघरी सामान पोचवायचे काम करणारा. मागे त्याची बायको नम्रता आणि तिच्या मांडीवर वर्षभराची पोर. दसऱ्याला गावी, बार्शीकडे निघाले होते.

"काका, हँडल जरा ढिलं लागतंय अन् खाली आवाज येतोय," तो म्हणाला. मग त्याचे लक्ष पाटाकडे गेले. त्याने चपला बाहेर काढल्या आणि हात जोडले. "पूजा झाली का? मग राहू द्या. गावाकडून आल्यावर येतो. काही एवढं नाही."

काकांनी पुढचा ब्रेक दाबून गाडी हलवली. टक्. त्यांनी पाटाकडे पाहिले. आकड्याच्या पान्यावरचे कुंकू ओले होते. माझे तेल असते तर त्या क्षणी गोठले असते. एवढे सगळे होऊनही त्यांचा हात पुन्हा थबकला होता. वडिलांपासून चालत आलेली गोष्ट एका वर्षात सुटत नाही, हे मला तेव्हा कळले.

वासंतीबाई पुढे झाल्या. त्यांनी पाना पाटावरून उचलला. कुंकू पुसले नाही, फूलही काढले नाही, ते आपोआप खाली पडले. पाना त्यांनी काकांच्या हातात दिला.

"बघत काय बसलात? ओढा."

"कुंकू..."

"मी लावलंय ना? परत लावीन. ती पोर बघा मांडीवर."

दिगंबरकाकांनी नट ओढला. फेरी मारून आले आणि पुन्हा ओढला, मोजून पाव फेरा. हात लालभडक झाले होते. उत्तरेश्वर नुसता बघत होता. त्याला कुणी काही समजावून सांगितले नाही. गाडी बोळाबाहेर वळली तेव्हा काकांनी हात वर केला, आणि उत्तरेश्वरने हॉर्न वाजवला. या वेळी तो खरोखरच नमस्कार होता.

मित्रांनो, मी आता कामाचा राहिलेलो नाही, पण एक मागणे मागतो. तुमच्या घरी मोटरसायकल असेल, तर बाबांना पुढचा ब्रेक दाबून ती एकदा मागेपुढे हलवायला सांगा. तुम्ही शेजारी उभे राहून ऐका. आवाज आला तर खुशाल तोंडाने काढून दाखवा, लाजू नका, आणि कुणी हसले तरी विचारायचे सोडू नका. मुक्ताईंनी मला जेवढे सांगितले होते, तेवढेच मला येते: झटका अडवायचा. सैल झालेला नट मला घट्ट करता येत नाही. म्हणून टक् असा आवाज आला, तर मला विकत आणू नका. आधी पाना उचला.